द्वितीय पुरुष, एकवचन

जुनं दार विकत घेताना मी आधी खिशातला चाकू काढतो आणि बिजागरीजवळ, मालकाचं लक्ष नसतं तिथे, रंग खरवडतो. वर हिरवा, त्याच्याखाली निळा, त्याच्याखाली पांढरा, आणि मग लाकूड. साग आहे की भलतंच काही, वाळवी आत शिरलीय का, ते तिथे कळतं. मालक दाराचं कितीही कौतुक करो, मी ऐकत नाही. चाळीस वर्षं हाच धंदा केला. वसईतली जुनी कौलारू घरं पडत गेली आणि त्यांची दारं, चौकटी, तुळया माझ्या माणिकपूरच्या वखारीत येत गेल्या. मला कोणी शिकवलं नाही. आवाज कधी चढवायचा, पाठ फिरवून चार पावलं कशी चालायची, मागून हाक येईपर्यंत वळून का बघायचं नाही, हे सगळं मी फसत फसत शिकलो.

पवित्र शास्त्रही मी तसंच वाचायचो. समोरच्याची बाजू कुठे पोकळ आहे ते शोधत.

समोरचा म्हणजे माझा थोरला भाऊ. आठ वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. आई गेली तेव्हा मी गुजरातेत होतो आणि दादा माझ्यासाठी थांबला नाही. सकाळी ती गेली, संध्याकाळी तिला माती दिली. आम्हा ख्रिस्ती लोकांत पेटी खड्ड्यात उतरवली की घरचा प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. मी पोचलो तेव्हा लोक दफनभूमीतून परतले होते आणि अंगणात खुर्च्यांवर बसले होते. माझी मूठ राहिली. मी सगळ्यांसमोर दादाला विचारलं, "दुबईहून जावई यायचा म्हणून लोक दोन-दोन दिवस पेटी बर्फावर ठेवतात. तुला एका रात्रीचा धीर निघाला नाही?"

दादा खाली आपल्या हातांकडे बघत राहिला. तो कधीच बोलणाऱ्यातला नव्हता. त्याच्या नखांत माती होती. ती मला दिसली आणि माझं डोकं आणखी फिरलं.

"आजपासून तू तुझ्या घरी, मी माझ्या," म्हणालो आणि निघालो.

प्रभूने डोंगरावर सांगितलेलं एक वचन आहे. ते वसईच्या पोरालाही माहीत असतं. तू अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण वाहा. भांडणानंतरच्या पहिल्या उपवासकाळात, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, चर्चमध्ये मिस्सेला हे वाचन आलं आणि मी बाकावर ताठ बसलो. साक्षात प्रभू माझ्या बाजूने साक्ष देत होता. भावाच्या मनात काही आहे. तो भाऊ मी. मग जायचं कोणी? दादाने.

घरी येऊन मी त्या ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली, पानाचा फोटो काढला आणि दादाला व्हॉट्सॲपवर पाठवला. दोन निळ्या खुणा उमटल्या. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. मी कापला. धंद्यात माझा नियम आहे, फोनवर भाव करायचा नाही. ज्याला गरज असेल तो वखारीत येईल. आणि वचनातही 'जा' म्हटलंय, 'फोन कर' नाही म्हटलेलं.

दर उपवासकाळात मी तो फोटो पाठवत राहिलो. पहिली काही वर्षं मागोमाग फोन यायचा आणि मी कापायचो. मग फोन बंद झाले, नुसत्या निळ्या खुणा. शेवटच्या दोन वर्षांत खुणाही करड्याच राहिल्या.

"बघ," मी बायकोला म्हणालो, "आता तर प्रभूचं वचनसुद्धा उघडून बघत नाही."

"तुम्ही प्रभूला वकील लावलाय," ती म्हणाली.

"वकील फी घेतो. हा फुकटात बाजू मांडतो."

ती हसली नाही. तिने मला त्या वर्षी बुधवारच्या प्रार्थनेला ओढून नेलं. सांगितलं असं की तिचे गुडघे दुखतात, रिक्षातून उतरायला हात लागतो. प्रार्थना चर्चमागच्या गल्लीत, एका बाईंच्या घरी असायची. या बाईंनी मला शाळेत मराठी शिकवलं होतं. आता ऐंशीच्या पुढे गेल्या होत्या, पण नजर तीच. मी दारात दिसताच म्हणाल्या, "ये. वही आणलीस का?"

बाईंची पद्धत साधी होती. शास्त्रातला एक उतारा एकाने सावकाश वाचायचा. मग शांतता. मग ज्याला जो शब्द लागला तो त्याने तीनदा उच्चारायचा, त्यावर काही बोलायचं नाही, भाष्य करायचं नाही. पुन्हा शांतता. शेवटी ज्याला सांगायचं असेल त्याने त्या शब्दाने काय केलं ते सांगायचं आणि तो शब्द आठवडाभर तोंडात ठेवायचा.

"मनन म्हणजे अर्थ लावणं नव्हे," बाई म्हणायच्या. "गाय बघितलीस ना? चरताना ती भराभर खाते. पोटात जातं ते नंतर, सावलीत बसून रवंथ करते तेव्हा. तुम्ही सगळे नुसते चरता."

पहिले दोन बुधवार मी गप्प बसलो. तिसऱ्या बुधवारी नेमका तोच उतारा आला. माझ्या अंगावर काटा आला, आनंदाचा. शांतता झाली. एका म्हातारीने "वेदी, वेदी, वेदी" म्हटलं. कोणीतरी "आठवलं" म्हटलं. माझी पाळी आली तेव्हा मी "भावाच्या मनात" असं तीनदा म्हणालो, खिळा ठोकल्यासारखं. आणि सांगायची वेळ झाली तेव्हा मला राहवलं नाही. त्या सात-आठ माणसांसमोर मी सगळं काढलं. गुजरात, माती, राहिलेली मूठ, दरवर्षी पाठवलेलं पान.

बाईंनी चष्मा काढला. "पान कोणाला पाठवलंस म्हणालास?"

"दादाला."

"का?"

"त्याला लागू आहे म्हणून."

"पहिलं वाक्य वाच परत."

मी वाचलं. तू अर्पण घेऊन आलास.

"'तू' म्हणजे कोण?"

"दादा."

"वाचतंय कोण?"

"मी."

"सातवीत घसा कोरडा केला मी तुमच्यासाठी. ज्याच्याविषयी बोलतात तो तृतीय पुरुष. द्वितीय पुरुष कोण?"

"ज्याच्याशी बोलतात तो," मी म्हणालो. साठीला आलेला माणूस मी, आणि कान तापले होते.

"मग प्रभू आत्ता कोणाशी बोलतोय?"

"बाई, दादा वाचेल तेव्हा 'तू' तोच होईल की."

"होईल. तो वाचेल तेव्हा. आत्ता पुस्तक कोणाच्या हातात आहे?"

कोणीतरी हसलं. मी उठलो. "माझ्या आईची माती राहिलीय, आणि तुम्ही व्याकरण काय काढता?"

"बस खाली. तेव्हाही तू पट्टी दिसली की पळायचास."

"मला नाही बसायचं."

"मग जा. पण शब्द घेऊन जा. 'तू'. एकच अक्षर आहे, दातात अडकायचं नाही. आठवडाभर चघळ. आणि दुसऱ्याच्या ताटातला घास नको, तुझ्या ताटातला."

मी चपला घालून गल्लीत उतरलो. सवयीने चार पावलांवर कान दिला. मागून हाक आली नाही.

रागाच्या भरातच मी तो शब्द चघळायला घेतला, बाईंना चूक ठरवायला. वखारीत एका जुन्या दारावर बसून मी म्हणायचो, तू. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे. म्हणजे दादाच्या मनात माझ्याविरुद्ध. काय असणार? मी काय केलं त्याचं? उलट मी कधी त्याच्याकडे काही मागितलं नाही. असं म्हणालो आणि आठवलं, माझा पहिला सौदा आमच्याच गोठ्याच्या दाराचा होता. मी सतरा वर्षांचा होतो. दादाने ते दार स्वतः बिजागरीतून काढलं, डोक्यावर घेतलं आणि म्हणाला, "विकून बघ, तुला जमतंय का." त्या पावसाळ्यात गोठ्याला गोणपाट लावलेलं होतं. सगळ्यांना सांगताना मी हे सोडून देतो. स्वतःच्या बळावर उभा राहिलो, असंच सांगतो.

पण हे काही विरुद्ध नव्हे. दार त्याने आपणहून दिलं होतं. मी पुन्हा 'तू' म्हणायचो आणि पुन्हा वकिली सुरू व्हायची. शास्त्रावर मनन केलं की मन शांत होतं असं ज्यांनी सांगितलं, त्यांचं झालं असेल. माझं तोंड कडू झालं. दोन दिवस मी वखारीतल्या सगळ्यांवर ओरडत होतो.

शनिवारी दुपारी एक जोडपं दार बघायला आलं. नवीन फ्लॅटला जुनं दार हवं होतं, हल्ली तशी आवड असते. नवरा हुशार होता. आवाज न चढवता घासाघीस करत होता, आणि मला ते आवडलंही. आम्ही अगदी शेवटच्या बोलीवर आलो आणि त्याचा फोन वाजला. त्याने बघितलं, कापला, आणि फोन दारावर पालथा ठेवला. "हां, बोला. शेवटचं सांगा."

पालथा ठेवलेल्या त्या फोनवरून माझी नजर हलेना.

ती माझी खेळी होती. समोरचा मऊ पडायला लागला असताना फोन आला तर तो कापायचा, पालथा ठेवायचा. समोरच्याला वाटतं, या माणसाला आपल्याहून महत्त्वाचं काही नाही. त्याला भरून येतं आणि तो सोडतो. गुजरातेतल्या त्या सकाळी एका म्हाताऱ्या मालकाकडून मी कोरीव चौकटी घेत होतो. तो मऊ पडत होता. फोन वाजला. पडद्यावर 'दादा' असं आलं. मी कापला आणि पालथा ठेवला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा कापून बंद करून टाकला. म्हाताऱ्याने माझा हात हातात घेतला आणि चौकटी दिल्या. चौकटी गाडीत चढवून, जेवून मी फोन चालू केला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते.

तिथे रेंज नव्हती, असं मी सांगितलं. त्या संध्याकाळी अंगणात सांगितलं, बायकोला सांगितलं, फादरांना सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की मलाही ते गाव रेंज नसलेलंच आठवत होतं. कुमसाराला गुडघे टेकून मी पापं कबूल केली, पण हे कधी सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. ते रंगाच्या इतक्या थरांखाली गेलं होतं की मला तो रंगच लाकूड वाटत होता.

"काका, काय झालं? शेवटचं सांगा ना," तो नवरा म्हणाला.

"आज विकायचं नाही," मी म्हणालो. "आधी ज्याचा फोन आला होता त्याला लावा."

दादा आणि वहिनी दोन वर्षांपूर्वी बोळिंजला मुलीच्या फ्लॅटवर राहायला गेल्याचं मी ऐकून होतो. दादा विसरायला लागलाय, असंही कोणीतरी म्हणालं होतं. तेव्हा मी म्हणालो होतो, "सोयीचं तेवढं विसरत असेल." ते वाक्य रिक्षात बोळिंजपर्यंत माझ्या शेजारी बसून आलं.

वहिनीने दार उघडलं. दार नवं, प्लायवूडचं. तेवढ्यातही माझा हात त्याच्यावरून फिरला.

"भावोजी," ती म्हणाली. "आठ वर्षांत तुम्हाला लिफ्ट सापडली म्हणायची."

"वहिनी, दादाशी बोलायचंय."

"बोला की. मी कुठे अडवलंय? मी कधीच नव्हतं अडवलं."

दादा खिडकीपाशी खुर्चीत होता. वाळून गेला होता. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. त्याने माझ्याकडे बघितलं, आणि नीट सावरून बसला.

"या," तो म्हणाला. "बसा."

जन्मात दादाने मला 'बसा' म्हटलं नव्हतं. बस म्हटलं होतं, ऊठ म्हटलं होतं, मूर्खा म्हटलं होतं. मी बसलो.

"चारचं सुरू होईल आता," वहिनी हळूच म्हणाली. "घाबरू नका."

काय सुरू होईल ते मला कळलं नाही. चार वाजायला आले तसा दादा चुळबुळ करायला लागला. त्याने टीव्हीचा रिमोट उचलला, त्यावरची बटणं एकेक करून दाबली, आणि रिमोट कानाला लावला. बराच वेळ ऐकत राहिला. मग खाली घेतला.

"उचलत नाही," तो कोणालातरी म्हणाला. आमच्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत होता. "फादर, जरा थांबा. वाटेत असेल तो. रेंज नसेल तिथे."

मी वहिनीकडे बघितलं.

"तेव्हाही असंच," ती म्हणाली. "मला बर्फात ठेवू नका, असं सासूबाई दहादा सांगून गेल्या होत्या. म्हणून त्याच दिवशी माती द्यावी लागली. चारची वेळ दिली होती. ह्यांनी कोणाला पेटी उचलू दिली नाही. अंधार पडायला आला, फादरसुद्धा म्हणाले की आता पुरे. तेव्हा उचलू दिली."

"मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही ऐकायला थांबलात कुठे? आणि नंतर तुमचं ते वचन यायचं, तेव्हा हे फोन लावायचे." तिने आवाज खाली घेतला. "त्या दिवशी तीन वेळा वाजून मध्येच तुटला. मी शेजारीच होते. रेंज नसली की फोन वाजत नाही, भावोजी. मला कळलं, तर ह्यांना कळलं नसेल? पण अंगणात तुम्ही म्हणालात रेंज नव्हती, की हे पण सगळ्यांना तेच सांगायला लागले. रेंज नव्हती बिचाऱ्याला."

म्हणजे होतं काहीतरी. भावाच्या मनात माझ्याविरुद्ध होतं, आणि ते त्याने माझ्याच खोट्याच्या आड ठेवून दिलं होतं, मला दिसू नये म्हणून.

मी खुर्ची पुढे ओढली. त्याचा हात धरला. "दादा, रेंज होती. मी फोन कापला. तुझं नाव बघून कापला."

दादाने लक्ष देऊन ऐकलं. परक्या माणसाची अडचण ऐकतात तसं.

"कोणाचा फोन?" त्याने विचारलं.

"तुझा."

"तुमच्या घरी कोणी आजारी आहे का?"

"नाही."

"मग ठीक," तो म्हणाला. "तुम्ही थांबा. माझा भाऊ येईल आता. त्याला लाकडातलं फार कळतं."

धंद्यात मी कधी रिकाम्या हाताने उठलो नाही. समोरचा नाही म्हणाला तरी त्याच्यात काहीतरी असतं, त्यावर पुढचं पाऊल टाकता येतं. पण इथे क्षमा नाकारायलाही कोणी नव्हतं. प्रभूने जा म्हटलं, मी गेलो. पण ज्याच्याकडे जायचं तो निघून गेला असेल तर काय करायचं, ते त्या वचनात नाही. मी नंतर शोधलं. नाही.

दादाने पुन्हा रिमोट उचलला. बटणं दाबली, कानाला लावला. मी उठून त्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या दारात गेलो. माझा फोन कानाला लावला. का ते सांगता येत नाही.

"हॅलो," मी म्हणालो.

दादा खुर्चीत सरळ झाला. "अरे! उचललास!"

"हो, दादा."

"आई गेली रे," तो म्हणाला. आणि त्याचा आवाज त्या सकाळचा होता. त्या सकाळी मी ऐकायला हवा होता तो. "आत्ताच गेली. झोपेतच. तू ये."

वहिनी पदर तोंडाला लावून उभी होती.

"येतो," मी म्हणालो.

"घाई करू नको. गाडी सावकाश चालव. मी थांबवून ठेवतो सगळ्यांना."

"दादा, मला माफ कर."

त्याने रिमोट कानावर घट्ट दाबला. "आवाज तुटतोय तुझा," म्हणाला. "रेंज नसेल. ठेव. तू ये फक्त."

त्याने रिमोट मांडीवर ठेवला. मी परत येऊन त्याच्यासमोर बसलो. त्याचा चेहरा निवळला होता.

"निघाला," त्याने मला सांगितलं. "तुम्ही चहा घ्या."

पुढच्या बुधवारी बाईंनी मला काही विचारलं नाही. शब्द म्हणायची वेळ आली तेव्हा मी "तू" म्हणालो, दोनदा. तिसऱ्यांदा आवाज निघाला नाही आणि बाईंनी पुढच्याला खूण केली. मनन केल्याने मी चांगला झालो का, ते मला माहीत नाही. वखारीत आवाज अजून चढतो. पण आता शास्त्र उघडलं की मी त्यात दुसऱ्याला शोधत नाही, आणि बऱ्याचदा पहिल्या ओळीपुढे जाता येत नाही. दादाचा फोन आता वहिनीकडे असतो आणि त्यात अजून माझी ती पानं आहेत, रेघा मारलेली. तिने पुसली नाहीत. मीही पुसायला सांगितलं नाही.

जमेल तेव्हा मी चारच्या आत बोळिंजला पोचतो. दादा मला 'या, बसा' म्हणतो. मग तो रिमोट उचलतो, मी दारात जाऊन उभा राहतो, आणि त्या दोन-तीन मिनिटांपुरता मी पुन्हा 'तू' होतो. एकदा सौदा संपता संपेना आणि मला पोचायला उशीर झाला. वहिनी म्हणाली, त्या दिवशी तो सहापर्यंत लावत राहिला.

काल फोन ठेवल्यावर तो बराच वेळ दाराकडे बघत होता. मग माझ्याकडे वळला.

"येतो म्हणतो तो," दादा म्हणाला. "रोज म्हणतो." आणि माझ्या पेल्याकडे बोट दाखवून, "तुम्ही घ्या ना. निवतोय."

मी घेतला.